गोंगाटातले तीन आकडे

लातुरातल्या माझ्या घरमालकीणबाई, म्हणजे चाची, शेजारी येऊन बसल्या म्हणून मी सावरले.

माहूरहून मी इथं शिवणकामाला आले. माझ्या कानात ऑपरेशन करून यंत्र बसवलंय, त्यानंच ऐकू येतं. त्याची तपासणी दर महिन्याला मोबाइलवर घरीच करायची. गोंगाटात कुणीतरी तीन आकडे बोलतं, आपण ते दाबायचे. एकदा पंखा चालू राहिला अन् गुण घसरले. पुढच्या महिन्यात धास्तीनं आणखी घसरले. परत ऑपरेशन करावं लागतंय की काय, असं वाटायला लागलं.

तिसऱ्या वेळी चाची बघत होत्या. मी सारखं ‘कळलं नाही’ दाबत होते.

“खरंच कळंना का गं?”

“सात वाटलं, पण पक्कं न्हाई.”

“मग सात दाब की! वर लिहिलंय, अंदाजानं सांगा म्हणून.”

“अन् चुकलं तर?”

“मोबाइल काय छडी घेऊन बसलाय का?”

मला हसूच फुटलं. शाळा सहावीत सुटली, पण चुकल्यावरची छडी मनातून सुटली नव्हती. मी पहिल्यापासून सुरुवात केली आणि ऐकल्यासारखा वाटेल तो आकडा बिनधास्त दाबत गेले. गुण पूर्वीसारखे आले. चाचींनी लगेच चहा टाकला.

हल्ली त्यांच्या टीव्हीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. कान तपासू म्हटलं की, “मला काय धाड भरलीय?” म्हणतात. एक दिवस मी त्यांना कानाच्या दवाखान्यात नेणारच, आणि तिथं त्यांच्या शेजारी बसणार.