बाबांना आणायचं लायसन

लातूरला काढलेलं माझं लायसन इंग्लंडात वर्षभर चाललं आणि मग एका सकाळी त्याचा नुसता कागद झाला. बदलून द्या म्हटलं, तर फोनवरची बाई गोड आवाजात म्हणाली, तुमच्या देशाचं बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावी लागेल. गोड आवाजात नकार देणारी माणसं मला मुळीच सहन होत नाहीत. भूकंपानंतर औसा रोडवर जीप चालवलेली बाई मी, आणि आता गाडीला लाल अक्षर लावून शिकाऊ म्हणून फिरू? रागारागात मी लायसन ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हटलं, नाही चालवत जा. नवऱ्याला येते, बस आहे, पाय आहेत.

काही वर्षं तशीच गेली. मग लातूरला आई गेली आणि बाबा एकटे पडले.

बाबा गणिताचे मास्तर. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. मी फोनवर सारखी म्हणायचे, थोडे दिवस इकडे या. ते टाळायचे. शेवटी एकदाचे हो म्हणाले, व्हिसाही झाला, आणि तिकीट काढायच्या दिवशी त्यांनी विचारलं, "विमानतळावर न्यायला कोण येणार?"

"तुमचे जावई येतील."

"न्हाई जमायचं. जावयाला ड्रायव्हर करून मी शेजारी बसू?"

"अहो बाबा, तिथून आमचं गाव तीन तासांवर आहे. मग टॅक्सी सांगते."

"परक्याच्या गाडीत तर न्हाईच न्हाई. तू ये. तू आली तर येतो."

"आणि जावई आले तर काय होईल? इथे कोण बघतंय?"

"मी बघून राहिलो ना."

सासऱ्याने जावयाकडून चहाचा कपसुद्धा उचलून घ्यायचा नाही, असं ज्या घरात चालत आलं, तिथला हा माणूस. आईचं दुखणं चालू असताना जावई उशाशी पाणी घेऊन उभा राहिला, तर हे कानकोंडे होऊन बाहेर जाऊन बसले होते. थंडी पडली की त्यांना दम लागायचा, म्हणजे आणायचं ते उन्हाळ्यातच. आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं. मला लायसन मिळालं तर बाबा येणार, नाही तर नाही. मी ड्रॉवर उघडला आणि निमूटपणे अर्ज केला.

पहिली परीक्षा लेखी, तीही ऑब्जेक्टिव्ह. ऑब्जेक्टिव्ह म्हटल्यावर माझ्या अंगात लातूर संचारलं. मागचे प्रश्नसंच कुठे मिळतात, हे मी लायब्ररीतल्या मुलीला इतक्या पोटतिडकीने विचारलं की ती घाबरली. वाचनाचं टाइमटेबल भिंतीवर लावलं. पोळ्या लाटताना नवऱ्याला प्रश्न विचारायला लावले. पैकीच्या पैकी पडले. एवढ्याशा परीक्षेला कोणी इतका अभ्यास करतं का, असं नवरा म्हणाला. तो पुण्याचा आहे, त्याला काय कळणार!

गाडी शिकवायला एक वयस्क सरदारजी मिळाले. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही ब्रेक होता. पहिल्या दिवशी रस्त्याला लागताच त्यांनी विचारलं, "बेटा जी, इंडिया में कहाँ से?"

"नांदेड," मी म्हटलं. जन्माने मी नांदेडचीच.

सरदारजींनी दोन्ही हात जोडले. "हजूर साहिब!"

आम्हा नांदेडकरांना हजूर साहिबचा गुरुद्वारा म्हणजे रोजचा. शाळेत जाता-येता दिसणारा, सुटीत लंगरला जाऊन पंगतीत बसायचं तो. पण हा माणूस तिथे एकदाच, लहानपणी, आजोबांचं बोट धरून गेला होता आणि मरायच्या आधी परत जायचं म्हणून झुरत होता. त्या दिवसापासून ते मला कधी रागावलेच नाहीत. गाडी फुटपाथला घासायला आली तरी ते हळूच "वाहेगुरू" म्हणायचे आणि स्वतःच्या ब्रेकवर पाय ठेवायचे. मी समजायचे, आपलं उत्तम चाललंय.

खरं तर मला गाडी शिकवली ती बाबांनी. आम्ही नांदेडहून लातूरला आलो तेव्हा मी आठवीत होते. अर्धापूरला काकांची केळीची शेती. त्यांनी नवी गाडी घेतली आणि जुनी जीप आमच्या गळ्यात मारली. तिला केळीच्या घडांचा वास यायचा, तो शेवटपर्यंत गेला नाही. भूकंप झाला त्या वर्षी माझी बारावी झालेली, मेडिकल थोडक्यात हुकलेलं, आणि मी रिपीटर म्हणून पुन्हा क्लासला बसलेली. आमची गल्ली तेव्हा सगळी क्लासच्या पोरांची झाली होती. घराघरात खोल्या भाड्याने, शेजाऱ्यांनी तर पोर्चमध्येही दोन कॉट टाकलेले. भूकंपानंतर कितीतरी दिवस आम्ही सगळे मैदानात झोपायचो. भिंतीला पाठ टेकायची भीती वाटायची. आणि उजाडलं की तीच पोरं घोंगड्या गुंडाळून, त्याच मैदानात येरझारा घालत फॉर्म्युले घोकायची. कुणाला त्यात विचित्र असं काही वाटत नव्हतं.

किल्लारीकडच्या एका गावाची सगळी वस्ती पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आली होती. तिथल्या दहावीच्या पोरांना बाबा दर रविवारी गणित शिकवायला जायला लागले. "घरं गेली, मानसं गेली. आता पोरांचं वर्ष तरी जाऊ नये," एवढंच म्हणाले. आणि जाता जाता मला जीप शिकवली. क्लच जोरात सोडला की जीप उडी मारायची आणि बाबा ओरडायचे, "गाडी चालवून राहिली का नांगर?" एकदा तर भर गल्लीत, नेमकी क्लास सुटायच्या वेळी, जीप बंद पडली. चारी बाजूंनी सायकलीच सायकली, घंट्या, खिदळणं. मला रडू फुटलं. बाबा शांतपणे म्हणाले, "उगं बस. पोरं जाऊ दे. सगळ्यांत आधी त्यांनाच पोचायचं हाय."

औसा रोडवर तेव्हा ट्रक मावत नव्हते. पत्रे, सिमेंट, धान्य, औषधं. समोरून ट्रकने दिव्यांची उघडझाप केली, म्हणजे डिपर दिला, की मी गोंधळायचे. बाबांनी समजावून सांगितलं, "हे बघ माय, डिपर दिला म्हंजे तो म्हणून राहिला, मी आलो, तू थांब. त्याला घाई काहून हाय, ते आपण इचारायचं न्हाई. गाडी खाली घ्यायची अन् थांबायचं." तसं मी थांबायचे. ट्रकवाला जाता जाता हात दाखवायचा आणि मला भारी वाटायचं.

शेडमध्ये पोचलो की बाबा खडू काढायचे. पत्रा तापायचा, आतली पोरं घामाघूम व्हायची, पण हलायची नाहीत. ज्यांच्या घरात कोणी उरलं नव्हतं अशा बायासुद्धा आमच्यासाठी कोरा चहा टाकायच्या. "घ्या की बाई, मास्तरांची लेक ना तुमी?" म्हणत पेला हातात कोंबायच्या. तिथे मी कधी रडले नाही. इंग्लंडात मात्र भांडी घासताना ते पेले आठवून कितीदा रडू आलं. बाबांच्या शेजारी बसून घालवलेले ते रविवार मला फार हवेसे वाटतात. त्या दिवसांबद्दल असं म्हणू नये, पण वाटतात.

आता परीक्षेचं सांगते. गाडी सरदारजींचीच, परीक्षक बाई शेजारी, मांडीवर कागद. एका अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एकच जाईल एवढी वाट. समोरून एक गाडी आली आणि गाडीवाल्याने डिपर दिला. मी लगेच थांबले. त्याने पुन्हा दिला. म्हटलं, बराच घाईत दिसतोय बिचारा, आणि गाडी थोडी मागे घेतली. त्याने तिसऱ्यांदा दिला. मी आणखी मागे. तो देतोय, मी मागे जातेय, अशी गाडी मोठ्या रस्त्यावर मागच्या अंगाने निघायला आली तेव्हा बाईंनी ब्रेक दाबला. "तुम्ही मागे का चालला आहात?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी म्हटलं, "त्यांना घाई आहे." बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मी नापास झाले.

सरदारजींनी ऐकून कपाळावर हात मारला. "ओ बेटा जी, वो तो आपको बुला रहा था!"

इंग्लंडात डिपर देतात तो "या, आधी तुम्ही" म्हणायला. तो भला माणूस मला वाट देत होता आणि मी त्याला वाट देत उलटी लातूरला निघाले होते. हसावं की रडावं कळेना. आणि मग माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला हे माहीत होतं? मी सरावात थांबायचे तेव्हा बोलला का नाहीत?"

ते मान खाली घालून म्हणाले, "हजूर साहिब की बेटी को कैसे डाँटूँ?"

"सरदारजी, तुमच्या भक्तीपायी माझे बाबा तिकडे अडकलेत. पुढची तारीख हुकली की थंडी आली. मग ते यायचे नाहीत, आता नाही आणि कधीच नाही. असं करा, मी लातूरची आहे असं समजा. लातूरला तुमचं काही नाही ना?"

त्यांनी विचार केला. लातूरला त्यांचं खरंच काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या शांत गावात गर्जना सुरू झाल्या. "ओ लातूरवाली, शीशा देख! अंधी है क्या?" "लातूरवाली, ये तेरे बाप की सड़क है?" मी पण ऐकून घेत नव्हते, उलट बोलायचे. महिनाभर आम्ही गाडीत कचाकचा भांडलो आणि उन्हाळा संपता संपता मी पास झाले. मी पेढे म्हणून बर्फी घेऊन गेले, तर सरदारजींनी पुन्हा हात जोडले. परीक्षा संपली होती, मी परत नांदेडची झाले होते.

बाबा आले. डोक्याला कानटोपी, अंगात दोन स्वेटर, बाहेर चांगलं ऊन. गाडीत बसताना त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "चल." मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ते समोर बघून बसले होते. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल दोन वाक्यं बोलले. आई गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाही, असं ते फोनवर म्हणायचे. गोळ्या घेतल्या तरी पहाटेपर्यंत पंखा बघत पडायचे. मी काही विचारायला वळले तर त्यांची मान काचेला टेकलेली. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. घोरत होते.

मी रेडिओ बंद केला. वेग उतरवला. मागच्या गाड्या पुढे जात राहिल्या, जाऊ दिल्या. घर आलं तेव्हाही बाबा घोरतच होते. दारात नवरा आणि आमची लेक उभे होते, लेकीच्या हातात ओवाळायचं ताट. मी त्यांना हाताने खूण केली, थांबा, आणि गाडी न थांबवता दारावरून तशीच पुढे नेली.