भावाचं पाणी

बीटी कपाशी आमच्या भागात आली त्याच्या चौथ्या वर्षी, अक्षय तृतीयेला चार दिवस उरले असताना, देऊळघाटजवळच्या एका खेड्यातली साठीची बाई एसटीने चिखलीला आली. बाजारामागच्या पिठाच्या गिरणीत शिरून तिने गिरणीवाल्याला विचारले, “माह्या भावाचं पाणी तुमी कोणाले इचारून भरून राह्यले?”

मी तिथेच होतो. तिच्या पिशवीत आमच्या पेपरचे जिल्ह्याचे पान होते. त्यावरची बातमी माझी होती.

गिरणीवाला नौदलातून निवृत्त झालेला. जहाजाच्या इंजिनावर काम करायचा. एकाहत्तरच्या लढाईत त्याचे जहाज समुद्रात निघाले तेव्हा तो मुंबईला काविळीने इस्पितळात पडून होता. जहाज परत आले नाही. नोकरी संपल्यावर त्याने चिखलीत गिरणी टाकली आणि लढाईत बुडालेल्या नौसैनिकांची पदके जमवायला सुरुवात केली. समुद्र कधीही न पाहिलेल्या आमच्या जिल्ह्यातून बरीच मुले नौदलात गेली होती. कोणी एकाहत्तरला बुडाले, कोणी त्याआधी, इंग्रजांच्या काळच्या महायुद्धात.

पदके बहुतेक सराफांकडून मिळत. लोक ती चांदीची समजून मोडीत आणत. सराफ कसोटीवर घासून बघायचा, चांदी नाही म्हणून बाजूला टाकायचा आणि गिरणीवाल्याला निरोप धाडायचा. पदकाच्या कडेला नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेले असते. त्यावरून तो चौकशी करी. माणूस बुडालेला नसेल तर पदक घरच्यांना नेऊन देई. बुडालेला असेल आणि घरात कोणी उरले नसेल तरच पदक स्वतःकडे ठेवी. गिरणीच्या मागच्या खोलीत पांढरे कापड चढवलेल्या फळीवर ती लावलेली असत.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला अखजी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून ठेवतात, वर आंबा ठेवतात, जेवायला वाढतात. गिरणीवाला आपल्या आईवडिलांच्या घागरींशेजारी पदकवाल्या प्रत्येकाची एक घागर भरी. “खाऱ्या पाण्यात गेले,” तो म्हणायचा. “वर्षातून एकदा गोडं पाणी भेटावं.”

त्या वर्षांत माझे काम निराळे होते. हंगाम बिघडला की गावोगाव जाऊन जीव दिलेल्या शेतकऱ्याचे नाव, वय, पीक आणि मागे कोण, एवढे लिहून आणायचे. गिरणीवाला मला एकदा म्हणाला, “तुमी आताचे गोळा करता, मी जुने.” मी त्याच्यावर बातमी केली ती अखजीच्या आठवड्यात छापून आली. पदकांवरची नावे त्याने वाचून दाखवली, मी ती तशीच दिली. बाईच्या नातवाने ती घरी मोठ्याने वाचली.

बाईने विचारले तेव्हा गिरणी चालू होती. त्याला ऐकू गेले नाही. तिने पुन्हा विचारले. दळणाच्या रांगेतला एक जण ओरडला, “मामा, पट्टा बंद करा अन् बाईचं आधी घ्या. नाई तं ते तुमालेच दळते.” दोघेतिघे हसले. बाईने त्याच्याकडे पाहून म्हटले, “तुह्या बहिणीले सांग, तुह्या नावाची भरून ठेव म्हणा. मंग हास.” गिरणीवाल्याने पट्टा उतरवला.

तिने भावाचे नाव घेतले. त्याने हात पुसले.

“ताई, मी त्याच्या गावाले गेलो होतो,” तो म्हणाला. “जळगाव जामोदकडं. घर बंद होतं. चुलतभाऊ भेटला. त्याले इचारलं, घरात कोणी उरलं का? नाई म्हणे.”

“अन् मी?”

“तुमचं कोणी सांगतलं नाई.”

“काऊन सांगतीन? मी सासरची.”

चुलतभावाने खोटे सांगितले नव्हते. घरात कोण उरले, या प्रश्नाच्या उत्तरात लग्न होऊन गेलेली बहीण आमच्याकडे मोजत नाहीत. गिरणीवाल्यानेही वेगळे विचारले नव्हते. पदक त्याच चुलतभावाने घरातल्या मोडीबरोबर चिखलीच्या सराफाकडे आणले होते. ते पोस्टाने आले होते बाईच्या बापाकडे. बापाने ते कोणाला दाखवले नाही आणि मुलाच्या नावाची घागरही कधी भरली नाही. भाऊ कराचीच्या तुरुंगात आहे असे कोणीतरी बापाला सांगितले होते. बाप ते मानूनच गेला.

बाई दर भाऊबीजेला पाटावर सुपारी ठेवून भावाला ओवाळत होती. परगावी असलेल्या भावाला असे ओवाळतात.

“एका माणसाले ओवाळणी बी अन् पाणी बी?” ती म्हणाली. “कसं चालन ते? तो कोणाचं आयकन?”

मग तिने स्वप्नाचे सांगितले. भाऊ दारात येतो, अंगावरून पाणी गळत असते. ती तांब्या देते. तो तांब्या घेतो, पीत नाही. म्हणतो, अक्के, हे पाणी मेलेल्याचं हाय. हे स्वप्न पहिल्यांदा केव्हा पडले, असे मी विचारले. बीटी पहिल्यांदा लावली त्या वर्षी, ती म्हणाली. पदक सराफाकडून केव्हा आले, असे मी गिरणीवाल्याला विचारले. त्याने बोटांवर वर्षे मोजली. मग म्हणाला, “त्याच वर्षी. बीटीच्या पाकिटाची रांग सराफाच्या दारापर्यंत आलती.”

पुढे मी तिच्या सुनेला एकटीला गाठून विचारले. सुनेने तेच वर्ष सांगितले. सासू तेव्हापासून मध्यरात्री उठून रांजणाचे झाकण बघते, असेही सांगितले. बातमी छापून येईपर्यंत त्या घरात पदकाविषयी कोणाला काही माहीत नव्हते. मी हे छापले नाही.

त्या दिवशी गिरणीत बाईने आणखी एक विचारले. “तुमी पाह्यलं का त्याले बुडताना?”

“नाई. मी जहाजावर नव्हतो.”

“पर नोकरीले त्याच जहाजावर होते ना तुमी?”

“हाव. आजारी पडलो, म्हून राह्यलो. त्याले ओळखत होतो मी. सुट्टीवर येताना मलकापूरपर्यंत एका डब्यात आलो होतो. तो भटारखान्यात होता.”

“म्हंजे जहाज गेलं अन् तुमी जित्ते राह्यले.”

“हाव.”

“तसा तो बी आसन.”

नौदलाने सगळ्यांना मृत धरले आहे, हे गिरणीवाल्याला पाठ होते. तरी मागच्या खोलीत जाऊन त्याने फळीवरचे पदक काढले आणि आणून बाईच्या हातात दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले. तिला वाचता येत नव्हते. “कुठी हाय त्याचं नाव?” तिने विचारले. त्याने कडेवर बोट ठेवून दाखवले. तिने नखाने अक्षरे चाचपली.

“अवंदापासून भरू नोका,” ती म्हणाली. “गळ्याची आणभाक करा.”

त्याने पिठाच्या हाताने गळ्याला हात लावला. बाई पदक पदरात बांधून दुपारच्या गाडीने गेली.

त्या अखजीला मी गिरणीवाल्याकडे जेवायला होतो. घागरी नेहमीसारख्या ओळीत होत्या. कुंभाराकडून सवयीप्रमाणे आणलेली एक जास्तीची घागर कोपऱ्यात पालथी होती. फळीवर रिकामा खिळा होता. जेवताना तो म्हणाला, पट्टा बंद केला की मागच्या खोलीत कोणीतरी उभे आहे असे वाटते. पूर्वी वाटत नव्हते. “त्याले कुठी पाठवलं मी, सांगा?” त्याने विचारले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मागच्या खोलीला कडी होती. दळण झाल्यावरही तो पट्टा काही वेळ मोकळाच फिरू देत असे.

बाई पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी वारली. कपाशीची वेचणी संपली होती, पऱ्हाट्या उपटून बांधावर पडल्या होत्या. निरोप तिच्या मुलाने गिरणीत आणून दिला. बरोबर पदक आणले नव्हते. गिरणीवाल्याने त्याला विचारले, “शेवटी काही बोलल्या का, तुमच्या मामाविषयी?”

“स्वप्न बंद झालतं म्हणे,” मुलगा म्हणाला. “तुमी घागर बंद केली तवापासून. आता तो येतच नाई, म्हून रडे.”

मग मुलाने त्याला विचारले, “आता आमी मामाची भरावं का नाई? तुमी फौजेतले. तुमी सांगा.”

“मी आणभाक केली,” गिरणीवाला म्हणाला. “मले इचारू नोका. घरी बायकोले इचारा.”

त्या वर्षीच्या अखजीला मी त्यांच्या गावी गेलो. ओसरीवर एक घागर भरलेली होती, बाईची. दुसरी नव्हती. सून म्हणाली, सासूबाईंनी मरायच्या आधी पदक तिच्या हातात दिले होते, तोंडाने काही सांगितले नव्हते.

दिवाळीत बातमीच्या कामाने त्याच रस्त्याने जाणे झाले. भाऊबीजेचा दिवस होता. मी दारात थांबलो. पाट मांडला होता, त्यावर सुपारीच्या जागी पदक होते. मामेसासऱ्याला सुनेने कधी पाहिले नव्हते. तिने निरांजन तीनदा फिरवले आणि पदकाला कुंकू लावले.