पेंडीची साक्ष

"कोण इचारतंय?"

प्रश्न कुठलाही असो, आफ्रिकावाल्याचं पहिलं उत्तर हेच. किती वाजले विचारा, कोंबडी झाली का विचारा, तो मान तिरपी करून आधी तुमच्याकडे बघणार, मग तुमच्या मागे कोणी उभं आहे का ते बघणार आणि म्हणणार, "कोण इचारतंय?" अरे बाबा, मीच विचारतोय, तुझ्यासमोर तर उभा आहे!

नारायणगावात माझं किराणा-मसाल्याचं दुकान. आम्ही जैन, आजोबा राजस्थानातून आले, पण आता आम्ही भांडतोसुद्धा मराठीतच. तेव्हा हे आधीच सांगून टाकतो: ज्याच्या कोंबडीसाठी टोमॅटोचे ट्रकवाले हायवेला गाडी लावून उतरायचे, त्या कोंबडीचा एक घासही मी कधी खाल्लेला नाही. माझी त्याची ओळख मसाल्यापुरती.

तो मूळचा निरगुडसरचा. साखर कारखान्यात फिटर होता. कुणाच्या तरी ओळखीनं आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यावर गेला आणि नव्वदीच्या सुरुवातीला परत आला. लोक परदेशातून टेपरेकॉर्डर आणतात, यानं कोंबडी भाजायची विद्या आणली. तिकडे कारखान्याच्या गेटसमोर एक म्हातारा निखाऱ्यावर भाजायचा, त्याच्याकडून शिकला म्हणे. हायवेलगत हातगाडी, तिच्यावर पत्र्याचा ड्रम मधोमध कापून आत कोळसे, वर जाळी. कोंबडीला कोरडा मसाला चोळून मुरत ठेवायची, भाजून झाली की वर लाल सॉस. सॉस आपल्याच बाजारातल्या टोमॅटोचा, पण त्यात मिरची अशी की पहिल्या घासाला माणूस शिव्या द्यायचा आणि मग दुसरी प्लेट मागायचा.

खरी गंमत त्या कोरड्या मसाल्यात होती. तो मिरची माझ्याकडून घ्यायचा, सुंठ पलीकडच्या दुकानातून आणि लवंग-मिरी थेट जुन्नरहून. कुठल्याच दुकानदाराला सगळं कळू नये म्हणून ही यातायात! मी चिडवायचो, "काय राव, बाकीचं कुठं घेता?" त्यावर तो काय म्हणायचा ते तुम्हाला माहीतच आहे.

याला कारण होतं. सुरुवातीला बायकोचा सख्खा भाऊ त्याच्या हाताखाली होता. तो मेहुणा सॉस शिकला आणि मंचरला त्यानं स्वतःची गाडी लावली, वर पाटी 'ओरिजिनल आफ्रिकन'. त्या दिवसापासून हा घरात मसाला करायला बसला की आतून कडी. बायकोनं हाक मारली तरी उघडायचा नाही. तिचा बिचारीचा काय दोष? पण ती मेहुण्याची बहीण होती ना!

आणि मग एक दिवस सगळ्या गावाला त्याचाच संशय आला.

तेलाच्या घाण्यावरचा एक गडी चहाच्या टपरीवर बोलून गेला की आफ्रिकावाला दर आठवड्याला शेंगदाण्याची पेंड नेतो. आता पेंड म्हणजे जनावरांचं खाद्य. त्याच्या दारात ना गाय ना म्हैस, साधी शेळीसुद्धा नाही. मग पेंड जाते कुठं? झालं! दुपारपर्यंत बाजारात बोभाटा, "आरं, ह्यो आपल्याला म्हशीचं खाद्य चारतोय!" संध्याकाळपर्यंत कोंबड्या मेलेल्या असतात, मसाल्यात गुंगीचं औषध असतं, इथवर मजल गेली. काल बोटं चाटून खाणारे आज पोट धरून बसले. गाडीवर चिटपाखरू नाही. निखारे आपले फुकट जळतायत, आणि हा बाजूला स्टुलावर बसलेला. मला जाता-येता दिसायचा. वाईट वाटायचं.

मी म्हटलं, "अहो, पेंड कशाला लागते ते सांगून टाका की एकदा."

"आन् उद्या हितं चार गाड्या लागल्या म्हंजी? मग मी काय खाऊ, पेंड?"

धंदा बसेल, पण गुपित सांगणार नाही, असा तो हट्टी. मात्र पुढच्या सोमवारी, बाजार बंद असताना, तो पिशवी घेऊन दुकानात आला. स्वतःच शटर खाली ओढलं. मला म्हणाला, "शेठ, तुमी कोंबडी खात न्हाई, इकत न्हाई, तुमचं कुणी इकणार न्हाई. तुमाला दाखवतो. तुमी गावाला एवढंच सांगा की वंगाळ काय न्हाई. काय घातलंय ते सांगायचं न्हाई. घरी बी न्हाई. माज्या घरी बी न्हाई."

मग त्यानं एकेक पुडी सोडली. पेंड ताजी होती, साफ दाण्यांची. मला चिमूटभर खायला लावली. तेल काढून घेतलेला दाणा, दुसरं काय! तिकडे मसाल्याला हीच लागते, तेलकट कूट चिकटून करपतो, म्हणाला. मिरची, सुंठ, लवंग, मिरी. लसणाची पूड निघाली तसा मी ओरडलो, "ओ, ते आत नको!" तर लसूण त्यानं मागच्या दाराबाहेर उभं राहून दाखवला. सगळं कालवून झाल्यावर म्हणाला, "बगितलं? ह्येच. दुसरं काय बी न्हाई."

आमच्या वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "तीन पिढ्यांची पेढी, आणि तू कोंबडीची साक्ष द्यायला निघालास?"

"कोंबडीची नाही, पेंडीची," मी म्हणालो आणि टपरीवर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "मी सगळं पाहिलंय. त्यात खोटं काही नाही. माझा शब्द." जो कोंबडीच्या धुराला उभा राहत नाही तो शेठ सांगतोय म्हटल्यावर लोकांना ते पटलं. दोन-तीन आठवड्यांत गाडीवर पुन्हा गर्दी झाली.

तेव्हापासून तो अधूनमधून दुकानात डोकावायचा. "शेठ, कुणी इचारलं का?"

"रोज विचारतात."

"मग?"

"मी म्हणतो, कोण इचारतंय?"

हसायचा. अशी आठ-दहा वर्षं गेली. मग एका थंडीत तो छातीच्या दुखण्यानं गेला. चार दिवस दवाखान्यात होता. मी भेटायला गेलो तेव्हा बोलता येत नव्हतं, नुसतं बघत होता.

तेरावा झाल्यावर त्याची बायको दुकानात आली. आधी कधी आली नव्हती. मिरच्यांच्या पोत्याशी उभी राहून म्हणाली, "भाऊ, गाडी चालवायची म्हणते. पोराबाळांचं बगाया पायजेल. मसाला तुमाला ठावं हाय. मला न्हाई." शेवटचे दोन शब्द तिनं असे उच्चारले की मला मान वर करवेना. त्याला दिलेला शब्द होता, पण तो मोडायला मला क्षणही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेंड आणि लसूण घेऊन आली. मागच्या दाराशी बसून तिनं कुटलं, मी आतून एकेक जिन्नस देत गेलो. शेवटी तिनं चिमूट बोटांवर चोळली, नाकाशी नेली. पुन्हा नेली.

"न्हाई. कायतरी ऱ्हायलं ह्यात. त्यांच्या सदऱ्याला यायचा त्यो वास न्हाई."

"अहो, एवढंच होतं. माझ्यासमोर कालवलं त्यांनी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले. "म्हंजी तुमाला बी न्हाई सांगितलं! आन् मला वाटायचं, शेठ घरचा आन् मी परकी." पुडी बांधून घेतली, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आसंच इकंन, माज्या हातचं म्हणून." आली होती त्यापेक्षा हलकी होऊन ती गेली.

मी मात्र तिथंच मागच्या पायरीवर बसलो. मला त्या माणसाचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. दवाखान्यात तो हेच सांगायला बघत होता का? की तेव्हाही मला जोखत होता? मी सगळं पाहिलंय, असा शब्द मी भर बाजारात दिला होता. गावानं त्या शब्दावर इतकी वर्षं कोंबडी खाल्ली, आणि तिच्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही.