सतरा नंबरचा पट्टा

हाइगाउराच्या टेकडीवरच्या पार्कात 'रायजिन' नावाची राइड चारच वर्षं चालली. लांब लोखंडी दांडा, टोकाला चोवीस सीटा. माणसांना समुद्रावर उलटं टांगून गरगर फिरवायची. ती चालवायचे कुरिहारा तोकुजी, आम्हा पोरांचे काका. सुरू करण्याआधी ते एकेका सीटपाशी थांबत, पट्ट्याकडे बोट रोखत आणि नाकातून ओरडत, "एक नंबर, ठीऽऽक!" असं चोवीस वेळा. आमच्या शाळेत ही नक्कल न येणारं पोर नव्हतं. काकांच्या कानावर ते गेलं, तेव्हा 'ठीक' फार लांबवता रे, एवढंच म्हणाले.

चौथ्या वर्षी जुलैत, भर गर्दीत राइड खाली आली, तर सतरा नंबरचा कमरेचा पट्टा नुसता लोंबत होता. खांद्यावरचा दांडा पक्का बसलेला, म्हणून त्या सीटवरचे गृहस्थ वाचले. त्यांना पत्ताही नव्हता. हसत उतरून ते नूडल्स खायला गेले. पट्टा पाहिला फक्त काकांनी.

त्यांनी तिथल्या तिथे राइड थांबवली आणि अहवाल लिहिला: बोट रोखलं, आवाज दिला, पाहिलं नाही.

असा अहवाल गेला की राइड पार खोलून तपासायची, असा नियम. उन्हाळी सुट्टीची खरी गर्दी तर आठवड्यावर आलेली. मॅनेजर निशिगाकीसाहेब दर वाक्याआधी दातांतून हवा ओढतात. तशी ओढत, अगदी गोड आवाजात त्यांनी सुचवलं की गृहस्थांनी उतरायच्या आधी पट्टा स्वतःच सोडला असेल, तसंही लिहिता येईल.

"सोडला नव्हता, साहेब. लावलाच नव्हता. आणि मी ठीक म्हणालो."

राइड खोलली. मधल्या आसाला तडा सापडला. बनवणारी कंपनी कधीच बुडालेली, तसा आस आता मिळणार नव्हता. रायजिन कायमची बंद झाली.

रांगेपाशी नूडल्स विकणाऱ्या सोमेयाबाईंचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. त्या काकांना सगळ्यांदेखत म्हणाल्या, "त्या सीटनं तुमचं काय घोडं मारलं होतं हो?" काका मान खाली घालून आवार झाडत राहिले. साहेब त्यांच्याशी बोलेनासेच झाले.

नोव्हेंबरात राइड सुटी करून उतरवली. आधी देवळातल्या पुजाऱ्यानं मीठ टाकलं, साकेची दारू ओतली, सगळे तिच्यापुढे वाकले. मग क्रेननं दांडा उचलताना आस तड्यापाशीच तुटला. तुटल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग जुना, काळपट होता. उरलेली चकचकीत कडाच काय ती चोवीस माणसांचा भार झेलत होती. सोमेयाबाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

साहेब पुढे झाले. या वेळी हवा न ओढताच म्हणाले, "तुम्ही वाचवलंत, कुरिहारासान."

"तडा मला कुठे दिसला होता," काका म्हणाले. "मला पट्टासुद्धा दिसला नाही."

वसंतात साहेबांनी त्यांना आकाशपाळणा चालवायला देऊ केला. काकांनी नको म्हटलं आणि गेटवरचं काम मागून घेतलं. तिथे ते प्रत्येक तिकीट दोन्ही हातांनी घेतात, वाचतात, मगच फाडतात. रविवारी रांग पार बस थांब्यापर्यंत जाते आणि मागचे लोक कुरकुरतात.