तीन ठिपक्यांचा टाका

अण्णांनी प्रतिज्ञा केली तेव्हा मी तिथे नव्हते, हे आधीच नोंदवते. "माझा बिडाचा एक टाका जरी तडकून परत आला, तरी त्याच दिवशी मशीन बंद!" असं ते म्हणाल्याचं मी तीन माणसांकडून ऐकलं आणि तिघांनी तीन वेगळी कारणं सांगितली. त्यांचे उस्तादही मी पाहिलेले नाहीत. उस्ताद वारल्यावर काही वर्षांनी मी रोह्याला आले. मी धातुशास्त्र शिकले आणि एका कंपनीत वेल्डिंगची तपासणी करते. सुट्टीच्या दिवशी पेणला अण्णांच्या वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसते. एकदा पंपाचं फुटलेलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आवरण जोडून घ्यायला गेले होते, ती अजून जातेच आहे. अशा जागी किस्से लोखंडाच्या किसासारखे साचतात. झाडून काढले तरी चपलेला चिकटून घरी येतात.

एक पद्धत मात्र मी स्वतः पाहिली आहे. काम झालं की अण्णा टाक्याशेजारी, म्हणजे वेल्डिंगच्या जोडाशेजारी, पंचने दोन ठिपके मारतात. दोनच का? "उस्ताद तीन मारायचे. त्यांच्याकडं शिकलेला मी एकटा. तिसरा ठिपका आपल्याला शोभत नाय."

*

बीड तापवून घेतल्याशिवाय जोडू नये, हे पुस्तकात आहे. किती तापवावं, तेही आहे. म्हणून मी बंदुकीसारखा डिजिटल थर्मामीटर घेऊन गेले. अण्णांनी घासून चकचकीत करून तापवलेल्या तुकड्यावर तो रोखला. आकडा आला नव्वद.

"अण्णा, अजून तापलेलं नाही."

अण्णांनी काडेपेटीतली काडी तुकड्याला नुसती टेकवली. भुर्रकन पेटली!

"ताई, काडीला सेल लागत नाय."

चकचकीत धातूसाठी सेटिंग बदलायला मी विसरले होते, म्हणून आकडा कमी आला. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

जोडलेलं बीड हळूहळू थंड व्हावं लागतं. घाई केली की तडकतं. लोक राखेत पुरतात, चुन्यात पुरतात. अण्णा पुरतात कोरड्या शाडूच्या मातीत, कारण शेजारीच शोभाताईंचा गणपतींचा कारखाना आहे आणि माती तिथूनच येते.

एका हंगामात शोभाताईंना माती कमी पडली. त्यांच्या कारागिराने अण्णांच्या दारातलं घमेलं परस्पर उचललं आणि मळायला म्हणून त्यात तांब्याभर पाणी ओतलं. आत नुकताच पुरलेला मॅनिफोल्ड होता. इंजिनातला धूर गोळा करून पुढे नेणारा तो बिडाचा भाग.

कारागीर बोंबलत आला, "अण्णा, तुमच्या मातीत फुरसं हाय! फुत्कारतंय!"

मागून शोभाताई. "अगो बाय, घमेल्यातून वाफ येतेय गो!"

मॅनिफोल्डचे सरळ दोन तुकडे. प्रतिज्ञेचं काय, असं मी विचारलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "हा दुकानातून बाहेर पडलाच नाय, तर परत आला कसा? त्याला साप चावला." त्यांनी तो पुन्हा जोडला. या युक्तिवादात मला आजवर चूक सापडलेली नाही.

*

नागोठण्याच्या एका जीपवाल्याला जुन्या जीपला टर्बो बसवायचा होता. त्यासाठी नवा मॅनिफोल्ड, स्टीलच्या पाईपचे तिरके काप जोडून, वळणावळणाचा. मी संगणकावर प्रत्येक कापाचा कोन काढला. अण्णांनी बाजारातून पडवळ आणलं, इंजिनाशेजारी धरून विळीने त्याचे तिरके काप केले आणि खराट्याच्या काड्यांनी एकमेकांना टोचले. माझ्या आणि पडवळाच्या उत्तरात एका अंशाचा फरक पडला. आम्ही दोन तास वाद घातला. शेवटी पडवळाप्रमाणे झालं. मॅनिफोल्ड बसला, टर्बो बसला, जीप गुरगुरली!

जीपवाला हळूच म्हणाला, "म्याडम, बॉनेट?"

बॉनेट लागत नव्हतं. चार बोटं वर राहत होतं. एक उच्चशिक्षित स्त्री आणि एक पडवळ, दोघांपैकी कुणीही उंची मोजली नव्हती.

"बॉनेटचं कुणी बोललंच नाय," अण्णा म्हणाले. ती जीप अजून बॉनेटशिवाय फिरते.

*

आणि मग गेल्या महिन्यात रोह्याहून हरिश्चंद्र आला. त्याच्या टेम्पोचा मॅनिफोल्ड अण्णांनी मागच्या पावसाळ्यात जोडला होता. तो त्याने बाकावर ठेवला. तडा स्पष्ट दिसत होता आणि दोन ठिपक्यांच्या दिशेनेच गेला होता.

अण्णांनी हातमोजे काढून मशीनवर ठेवले आणि बटण बंद केलं.

"अण्णा, असं काय करताय? गाडीच तशी दामटली मी," हरिश्चंद्र म्हणाला.

"ताई, तपासा. खरं तेच सांगा."

मी मॅनिफोल्ड स्वच्छ केला, लाल रंग फवारला, थांबले, पुसला, वर पांढरा थर दिला. तडा असेल तिथून लाल रेघ वर येते. रेघ आली. कडेपासून निघाली, अण्णांच्या टाक्यापर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. टाका शाबूत होता.

"तडा नवा आहे. तुमच्या टाक्याने तो अडवलाय," मी म्हणाले.

"मंग मशीन चालू करा की!" हरिश्चंद्र हसला.

अण्णा हसले नाहीत. ते मॅनिफोल्डच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होते. तिथे काजळीखाली आणखी एक टाका होता. इतकं सरळ काम मी कंपनीतही क्वचित पाहिलं आहे.

"हा माझा नाय. मागच्या पावसाळ्यात हा हितं नव्हता."

"आई शपथ, गाडी नवी कोरी मीच घेतली," हरिश्चंद्र म्हणाला. "तुमच्याबिगर कुणाचा हात लागला नाय."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ताई, ठिपके मोजा."

मी मोजले. तीन.

मग काजळी खरवडून बिडावर ओतलेलं, मॅनिफोल्ड बनल्याचं साल वाचलं. ते साल उस्ताद वारल्यानंतरचं होतं.