बंगल्यावर नेलेलं गवताचं मशीन

अन्याय झाला तो माझ्या मावशीच्या यजमानांवर आणि त्यांच्या गल्लीतल्या प्रत्येक चुलीवर, आणि तो झाला यंदाच्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, सकाळी नऊच्या ठोक्याला, भर चौकात, चारशे डोळ्यांदेखत. हे या पत्रकात आधी नोंदवून ठेवतो, कारण आमच्या गावाला अन्याय झाल्याचं दुपारच्या जेवणापर्यंतच आठवतं. आणि हेही लगेच सांगून टाकतो, की ज्यांच्यावर अन्याय झाला त्या आमच्या काकांइतका हेकट, किचकट आणि डोक्याला ताप देणारा माणूस लातूर ते नांदेड रस्त्यावर दुसरा सापडणार नाही. अन्याय नेहमी गरीब, गोड स्वभावाच्या माणसावरच होतो असं पत्रकांत लिहायची पद्धत आहे. मीही लिहितो. पण काका गोड नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

काकांनी अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. ज्या कालव्यावर नेमणूक होती, त्यात त्यांच्या निवृत्तीपर्यंत पाणी आलं नाही. काका मात्र रोज सायकलवर त्या कोरड्या कालव्याच्या कडेने जात, दारांना ग्रीस लावत, आणि आत शेळ्या चारणाऱ्यांना "पाणी सुटणार आहे, बाजूला व्हा" असं दरडावत. शेळ्यासुद्धा हलत नसत. या नोकरीने त्यांना दोन सवयी लावल्या. पहिली म्हणजे यंत्राशी ते अदबीने बोलतात आणि माणसाशी तुसडेपणाने. "अहो, जरा आवाज द्या की," हे इंजिनाला. "अरे, तोंड बंद ठेव," हे शेजारी उभ्या असलेल्या मला. दुसरी सवय अशी, की बिघाड कुठेही असो, तपासणी योग्य मार्गानेच झाली पाहिजे. म्हणजे सुरुवात पेट्रोलपासून. मग प्लग, मग पट्टा, असं एकेक पायरी चढत शेवटी दुखणाऱ्या जागी. किल्लारीकडे एका लग्नाला जाताना आमच्या वडाप जीपचं मागचं चाक निखळून शेजारच्या तुरीत गेलं होतं. सगळ्या वऱ्हाडाला ते दिसत होतं. काकांनी आधी टाकीत काडी घालून पेट्रोल मोजलं. आम्ही पोचलो तेव्हा नवरी सासरी निघाली होती.

आता मशीनची हकीकत. आमचं गाव जिल्हा होणार आहे. गेली कित्येक वर्षं होणारच आहे. मी स्वतः त्यासाठी भिंती रंगवल्या, पत्रकं वाटली, आणि आजही जिल्हा झालाच पाहिजे असं माझं म्हणणं आहे. पण जिल्हा म्हणजे कचेरी, दवाखाना, पाणी असं मला वाटत होतं. आमच्या जिल्हानिर्मिती समितीच्या अध्यक्षांना मात्र जिल्हा म्हणजे हिरवळ वाटते. अध्यक्षांची आडत आहे. हळद आणि सोयाबीन त्यांना कळतं, बाकी सगळं ते हैदराबादेत पाहून येतात. तिथे त्यांनी कुठल्याशा बंगल्यात माणूस खुर्चीवर बसून गवत कापताना पाहिला. "कलेक्टर आले तर त्यांना हिरवळ नको?" असं म्हणून समितीने गावाबाहेरच्या एका रिकाम्या बंगल्यापुढे गवत लावलं आणि ते कापायला तसलंच बसून चालवायचं जुनं मशीन ट्रकमधून आणलं. कलेक्टर आले नाहीत. दुष्काळ आला. गवत जळून गेलं आणि मशीन एकदाही न चालता शेडमध्ये पडलं.

ते मशीन काकांनी मागून घेतलं. कारण गल्ली चढावर आहे, बोळ अरुंद आहे, टँकर खाली चौकात थांबतो. वरच्या टोकाला राहणाऱ्या आत्याबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना घागर घेऊन चढता येत नाही. काकांनी मशीनच्या मागे दोन पिंपांचा गाडा जोडायचं ठरवलं. समितीने "न्या, भंगारच आहे" म्हणून दिलं. अध्यक्ष तेव्हा हसलेही. मी तिथे होतो.

पहिल्या दिवशी मशीन गुरगुरलं आणि जागचं हललं नाही. काकांनी पेट्रोल पाहिलं, प्लग पाहिला, पट्टा काढून उन्हात धरून पाहिला. गल्ली रिकाम्या घागरी घेऊन पाहत राहिली. या मशीनला गिअर नसतात. इंजिन पट्ट्याने एक पंप फिरवतं, पंप तेलाला दाब देतो, आणि तेल चाकं फिरवतं. मागे एक छोटा दांडा असतो. तो ओढला की तेलाचा दाब सुटतो आणि मशीन हाताने ढकलता येतं. ट्रकमधून ढकलून उतरवताना ओढलेला तो दांडा तसाच राहिला होता. काकांना तो तिसऱ्या दिवशी दिसला, कारण योग्य मार्गात त्याची पाळीच तिसऱ्या दिवशी होती. दांडा दाबल्यावर मशीन चालायला लागलं, पण झटके देत. "पोटात वारा धरलाय," काका म्हणाले. त्यांनी मागची चाकं विटांवर उचलली, दांडा पुन्हा ओढला आणि पायाने पेडल सावकाश पुढे-मागे, पुढे-मागे करत तेलातली हवा काढली. तेवढा वेळ ते मशीनशी असे बोलत होते, की मावशी दारातून म्हणाली, "माझ्या बाळंतपणात इतकं गोड बोलले न्हाईत कधी."

आणि मग, इमानदारीने सांगतो, मशीन चाललं. दोन पिंपं घेऊन चढ चढलं. काकांनी पहिली खेप थेट आत्याबाईंच्या दारात नेली. खालच्या घरांनी बखेडा केला, की वाटेत आम्ही लागतो, आधी आम्हाला. "टेलला आधी," काका ओरडले. कालव्याचा नियम म्हणे असाच असतो: शेवटच्या टोकाला आधी पाणी, नाहीतर त्याला कधीच मिळत नाही. नोकरीत हा नियम त्यांनी फक्त फलकावर रंगवला होता. आत्याबाई रांजण भरताना पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "लई पुण्य लागंल बाबा तुला." काका म्हणाले, "झाकण लावा, कचरा पडून राहिला." एवढ्यावर संभाषण संपलं.

पुढे ऊन वाढलं आणि मशीन चढावर मध्येच दम सोडायला लागलं. गार असताना पळायचं, तापलं की बसायचं. काकांनी निदान अगदी बरोबर केलं: तेल तापतं, तापलं की पातळ होतं, पातळ झालं की जोर जातो. मग त्यांनी उपाय केला तो आमच्याकडे रांजणाला करतात तो. तेलाच्या पेटीला ओलं गोणपाट गुंडाळलं. पेटीवरचा पंखा फिरायला वर जागा सोडली याचा त्यांना कोण अभिमान! गोणपाट ओलं होतं तोवर ठीक चाललं. पण टँकरची खेप एक दिवसाआड झाली, आणि मशीनवर तांब्या ओतायला गेलेल्या मला काकांनी हात धरून थांबवलं. "लोकाच्या तोंडचं पाणी मशीनच्या ढुंगनाला? न्हाई." तत्त्व उत्तम. पण वाळलेलं गोणपाट म्हणजे गोधडी, आणि बेचाळीस डिग्रीत गोधडी पांघरून चढ कोण चढेल? ती काढावी हे त्यांच्या मनात आलं नाही. "ऊन लागू नये म्हणून असू दे," म्हणाले. रांजणाचं गोणपाट आमच्याकडे उन्हाळाभर कुणीच काढत नाही. त्यामुळे मशीन बसलं की आम्ही गाडा ढकलायचो आणि काका पुन्हा पेट्रोल मोजायचे.

मग ती सकाळ आली. दुसऱ्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याने भरलेले करा-केळी ठेवायचे, म्हणून बायकांनी कोरी मडकी आणून ठेवली होती. टँकर लागला, दोन पिंपं भरली, आणि अध्यक्ष चार पोरं घेऊन हजर. मुंबईहून कुणी साहेब बंगला पाहायला येणार होते. हिरवळ करायची होती.

"इंजिनेर साहेब, मशीन समितीचं हाय," अध्यक्ष म्हणाले.

"हाव, हाय की. पिंपं उतरवून घ्या."

"पिंपं कशाला उतरवता? गवताला पाणी लागंल की न्हाई? एक दिवस कळ काढा. जिल्हा झाला की नळच नळ."

"जिल्ह्याला पाजताव का आमचं पाणी?" मावशी पुढे झाली. अध्यक्ष तिच्याकडे न पाहता पोरांना "चला" म्हणाले. चौकात गावातले मोठमोठे लोक होते. कुणी दुकानाची फळी सरकवली, कुणी मोबाइल काढला.

काका भांडायला हवे होते. आयुष्यभर नको तिथे भांडलेला हा माणूस त्या क्षणी खाली वाकला आणि पेटीवरचं गोणपाट सोडायला लागला. "पोतं माझं हाय," म्हणाले. "समितीला देणार न्हाई." गावकऱ्यांनो, तुम्ही त्या वेळी हसलात, मला दिसलं.

पोरगं मशीनवर बसलं आणि दोन भरली पिंपं घेऊन निघालं. काका गोणपाट खांद्यावर टाकून मागे चालत राहिले, मी त्यांच्या मागे. बंगल्याचा चढ आमच्या गल्लीपेक्षा उभा आहे. ऊन टाळूत घुसत होतं. मशीन बसेल, मग परत नेऊ, अशी माझी हिशेबी आशा होती. मशीन बसलं नाही. चढाच्या मध्यावर काका थबकले, खांद्यावरचं गोणपाट हातात घेऊन पाहिलं आणि एकदम ओरडले, "अरे, पोतंच होतं! वारा लागू देत नव्हतं पोतं! चाललं, बघ चाललं!" आपलं पाणी घेऊन जाणाऱ्या मशीनमागे तो सत्तरीचा माणूस टाळ्या वाजवत धावत होता. मला इतका संताप आला, की त्यांना तिथेच खाली बसवावंसं वाटलं. फाटकाशी गेल्यावर ते आपणच बसले. आत पिंपांची तोटी सोडली होती आणि मातीला मिळालेल्या गवतावर पाणी पसरत होतं.

आम्ही परतलो तोवर खाली चौकातला टँकर रिकामा झाला होता. अक्षय्य तृतीयेला गल्लीतली मडकी अर्धी राहिली. आत्याबाईंचं कोरडंच होतं. काका जाऊन त्यांच्या उंबऱ्यावर बसले. "सापडला बरं का बिघाड," त्यांना सांगत होते. "आता बसणार न्हाई ते. एका दमात येतंय वरपर्यंत." आत्याबाई म्हणाल्या, "हाव बाबा." दोघेही रस्त्याकडे पाहत होते. उभ्या नोकरीत ज्याच्या हातून एका शेताला थेंब गेला नाही, त्याने या उन्हाळ्यात काही आठवडे एका म्हातारीच्या दारात पाणी पोचवलं होतं. आणि ते कसं अखंड पोचवता येईल हे कळलं, तेव्हा त्याच्या हातात नुसतं गोणपाट होतं.

साहेब आले नाहीत. मशीन बंगल्याच्या शेडमध्ये कुलपात आहे, चावी अध्यक्षांच्या आडतीवरच्या पैशाच्या गल्ल्यात आहे, आणि टँकर परवा सकाळी येणार आहे. समितीच्या मोर्चात तुम्ही चाललात, "जिल्हा आमच्या हक्काचा" म्हणून घसा कोरडा केलात, आणि त्या सकाळी चौकात मान फिरवून उभेही तुम्हीच होतात. मला तुमची हळहळ नको. उद्या नऊ वाजता आडतीवर या, गल्ल्यासमोर उभे राहा आणि ती चावी मागा. मिळेपर्यंत पायरी उतरू नका.