दिंबेश्वरखुरांची उजवीकडची धाव

आमच्या आसामातल्या, नलबारीकडच्या फिरत्या नाटक कंपनीचे रंगमंच दोन, शेजारी शेजारी. एकावरचे दिवे विझले की दुसऱ्यावरचे लागतात, आणि मधल्या अंधारात नटानं धूम ठोकायची. दिंबेश्वर सैकिया, आमचे खुरा, म्हणजे काका; त्यांची उभी हयात त्या धावण्यात गेली. डावीकडे लेकीसाठी टाहो फोडणारा बाप, उजवीकडे पोचेतो मिशा लावलेला दरोगा! काय टाळ्या पडायच्या!

म्हणूनच शेजारच्या जुरीनं कॉलेजसाठी करायच्या छोट्या चित्रपटात त्यांना बाप केलं आणि पस्तावली. वाक्य संपलं की खुरा उजवीकडे पसार. एकदा केळीच्या बागेत, एकदा थेट बदकांच्या तळ्यात.

"खुरा, पळता कुठे?"

"दुसऱ्या रंगमंचावर!"

"अहो, इथे एकच आहे!"

"एवढी गरिबी? मग पिक्चर काढता कशाला गं, माजनी?"

जुरी कपाळाला हात लावून हसत सुटली.

शेवटचा प्रसंग मात्र नदीच्या घाटावरचा. लेक शिकायला निघते, बाप काठावर पुतळ्यासारखा उभा. दिवसातली शेवटची बोट, आणि मागून आणलेला कॅमेरा उद्या परत द्यायचा.

"आज पळालात तर माझा पिक्चर बुडाला, खुरा." जुरीनं हात जोडले.

खुरांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. तरी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं जुरीचा मित्र अंकुर वाळूत पालथा पडून त्यांचे पाय धरून बसला.

भोंगा वाजला. बोट सुटली.

"जपून जा गं, पोरी," खुरा म्हणाले. वाक्य संपलं. पाय शिवशिवले. त्यांनी दात आवळले. पण बोट निघाली ती उजवीकडेच! लेक तिकडे जाते आणि बापानं खांबासारखं उभं राहायचं? सुटले! अंकुर चार हात फरफटला.

'कट' कधी म्हणायचं ते कॉलेजात शिकवलं होतं, कधी गिळायचं ते नव्हतं. जुरीनं गिळलं, कॅमेरा उचलला आणि त्यांच्यामागे धावली. खांद्यावरचा गामोसा उडाला, बदकं उधळली, बोटीत लेक झालेली पोर ठरलेलं विसरून ओक्साबोक्शी रडू लागली.

खुरा गुडघाभर पाण्यात थांबले. पुढे दुसरा रंगमंच नव्हता. लावायला मिशा नव्हत्या. पहिल्यांदाच धाव संपली तरी बाप बापच राहिला होता.

"बुडवला ना गं तुझा पिक्चर?" पाठमोरे खुरा पुटपुटले.

"वळू नका! अजून चालू आहे!"

"मग परत पळू?"